खाडीतली कुकरची शिट्टी

जरा डोळे मीट आणि माझ्याबरोबर चल. असं समज, की आपण भाईंदर पश्चिमेला, मिठागरांच्या पलीकडे, खाडीकाठच्या तिवरांत एका दगडावर बसलो आहोत. अजून नीट उजाडलेलं नाही. तुझ्या कानांवर मोठे हेडफोन आहेत आणि त्यांतून दूरचं सगळं जवळ ऐकू येतंय. चिखलातून हवेचे बुडबुडे फुटतात ते, खेकड्याच्या पायांची खुडखुड, पलीकडच्या काठावर कुणा पाखराने पंख झटकले तेसुद्धा. आणि मग, अगदी तुझ्या कानाशी, सुकी काडी मोडावी तसा आवाज. कट्. थोड्या वेळाने पुन्हा, कट्.

ती काडी नव्हे. पक्ष्याची मान आहे.

भीती वाटली तर डोळे उघड, मी थांबेन. संपदाला मात्र थांबता आलं नाही. ती बारा वर्षांची होती आणि हेडफोन तिच्या कानांवर होते.

संपदा राहायची मीरा रोडला, सिल्व्हर पार्कमध्ये. तिच्याच इमारतीत तळमजल्यावर आत्माराम राहायचे. मुलं त्यांना आत्माआजोबा म्हणायची. पस्तीस वर्षं ते नाटकांच्या प्रयोगांना पडद्यामागे बसून आवाज वाजवायचे: इथे दारावरची बेल, तिथे थांबणारी गाडी. निवृत्त झाल्यावर त्यांनी हातात मावेल एवढा एक रेकॉर्डर घेतला आणि पक्ष्यांचे आवाज गोळा करायला लागले. सुरुवातीला त्यांच्यामागे इमारतीतली सात-आठ मुलं असायची. पहाटे पाचला उठावं लागतं हे कळल्यावर एकटी संपदा उरली.

त्या रविवारी अमावस्या होती. दोघं रिक्षाने भाईंदर पश्चिमेला आली आणि पुढे मिठागराच्या बांधावरून चालत निघाली. बांधाच्या तोंडाशी जानू नावाचे एक म्हातारे कोळी आपल्या होडीतलं पाणी उपसत बसले होते.

"कुटं निगाली सवारी?"

"पाखरांचे आवाज घ्यायला, जानूशेठ."

"शेठ कशाला म्हनतंय? शेठ असतो तर या टायमाला घोरत असतो." जानूंनी डबा बाजूला ठेवला. "पन ऐका. आज आवसचं उधान हाय. सातला पानी चढाय लागंल. तवा तितं थांबायचं न्हाय. चिखल लई वाईट हाय. मानूस रुतला का भरती त्याला सोडत न्हाय."

"सातच्या आत परत येतो," आत्माआजोबा म्हणाले.

तिथून वीस मिनिटं चाललं की एक जुना, फुटका बांध लागतो. त्याच्या टोकाशी पाणी, दोन्ही बाजूंना तिवरं. आजोबांनी पिशवी दगडावर ठेवली आणि हात मागे बांधून उभे राहिले. मांडामांड करायची ती संपदाने, असं ठरलेलं होतं.

"आधी काय?"

"बॅटऱ्या."

"नव्या?"

"नव्या. जुन्या माझ्या डाव्या खिशात. एका खिशात ठेवल्या की कुठल्या मेल्या ते कळत नाही."

"शाबास. मग?"

मग तिने कार्ड रिकामं आहे ना ते पाहिलं. तीन पायांचा बुटका स्टँड बांधाच्या टोकाशी रोवला, त्यावर माइक बसवला आणि त्याला राखाडी रंगाचं केसाळ कव्हर चढवलं.

"हे मेलेलं मांजर घालायलाच हवं का आजोबा? वारा नाहीये."

"तुला लागत नाही. माइकला लागतो. वाऱ्याची फुंकर हे मांजर खातं आणि आवाज तेवढा आत सोडतं."

केबलचा एक वेढा तिने स्टँडच्या पायाला घातला, म्हणजे केबल ओढली गेली तरी धक्का माइकपर्यंत जात नाही. बाकीची पंचवीस मीटर केबल बांधावरून उलगडत ती मागे आली, एका दाट तिवराच्या आड बसली आणि रेकॉर्डर मांडीवर घेतला. हेडफोन एकच होता, तो तिने चढवला. रेकॉर्डरच्या छोट्या पडद्यावर हिरवे पट्टे नाचायला लागले.

"हिरव्यात ठेव," आजोबा कुजबुजले. "लाल झालं की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज शिवता येत नाही. लाल दिसलं की विचार करत बसायचं नाही. आवाजाची चकती मागे."

महिनाभर घरी सराव करून करून तिचं बोट आता आपोआप फिरायचं. तिने बटण दाबलं, तारीख आणि जागा हळूच सांगितली आणि गप्प बसली.

पहिल्यांदा खंड्या किंचाळत गेला. मग बगळे. मग डावीकडून कुवाकोंबडी सुरू झाली. पांढऱ्या छातीचा, लाजरा, काळपट पक्षी. दिसत नाही, पण ओरडायला लागली की ऐकत राहावं लागतं: कुआक, कुआक, कुआक. संपदा खूश झाली. पट्टे हिरव्यात होते.

थोड्या वेळाने तिच्या कपाळावर आठी पडली.

"आजोबा, खाडीत कुणी कुकर लावलाय का?"

"काय?"

"कुवाकोंबडी ओरडते, मग शिट्टी होते. परत ओरडते, परत शिट्टी. तिथल्या तिथेच."

आजोबांनी हेडफोनची एक बाजू तिच्या कानावरून उचलून स्वतःच्या कानाला लावली. शिट्टी झाली. त्यांनी ती बाजू कानावर आणखी घट्ट दाबून धरली.

ही शिट्टी सिल्व्हर पार्कमधल्या त्या इमारतीत कुणालाही ओळखू आली असती. तीन वर्षांपूर्वी मागच्या नाल्याशी एका कुवाकोंबडीने घरटं केलं होतं. आत्माआजोबांनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिचा आवाज घेतला, आणि नेमक्या वेळी त्यांच्या पत्नीचा, सुचेताबाईंचा, कुकर बोलला. शिट्टी कापून टाकणं अवघड नव्हतं. पण घेतलेल्या आवाजाला कात्री लावायची नाही, हा आजोबांचा नियम. शिट्टीसकट तो आवाज त्यांनी इमारतीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'ज्याला हवा त्याने घ्यावा, पुढे पाठवावा.' लोकांनी पाठवला. संपदाच्या आईचा सकाळचा अलार्म तोच होता.

आता एक गोष्ट तुला सांगायला हवी. आपल्या जागेत दुसऱ्या कुवाकोंबडीचा आवाज आला की कुवाकोंबडी भांडायला धावत येते. पाखरं पकडणाऱ्यांना हे ठाऊक असतं. ते झुडपात एक छोटा स्पीकर ठेवतात, पुढे बारीक जाळं बांधतात आणि वाट बघतात.

हेडफोनमध्ये फडफड झाली. जाळ्यात काहीतरी जोरात धडपडलं. कुणीतरी म्हणालं, "आली बघ, आली. धर." आणि मग तो आवाज. कट्.

"माझा आवाज लावलाय त्यांनी," आजोबा म्हणाले. "संपदा, माझा आवाज."

पुन्हा फडफड. पुन्हा कट्. एक पाखरू लगेच मेलं नाही. ते लहान मुलासारखं घुसमटून ओरडत राहिलं, मग ते कशावर तरी आपटल्याचा आवाज आला. दोनदा.

आजोबा उठले. संपदाने त्यांचा सदरा धरला.

"जाऊ नका ना. जानूआजोबांना बोलावू."

"तोवर किती माना मोडतील? मी फक्त बोलून येतो, फोटो काढतो. तू इथून हलू नकोस."

ते खिशातला मोबाइल चाचपत बांधावरून टोकाकडे गेले. तिवरांच्या आड ते दिसेनासे झाले. संपदाकडे फोन नव्हता. कान होते तेवढे.

जाळं माइकपासून फार लांब नसावं, कारण पुढचा शब्दन् शब्द तिला ऐकू आला.

"कोण रे तिकडे?"

"बंद करा ते."

"क्या बंद करे, चाचा?"

"स्पीकर. तो माझा आवाज आहे."

दोघं हसले. एक जण मराठीत म्हणाला, "तुझा आवाज? तू काय कोंबडी आहेस का रे म्हाताऱ्या? ओ चंदन, मालक आलाय बघ. रॉयल्टी मागतोय."

"जाने दे ना, विकी. चाचा, घर जाओ. चाय पियो."

"मागे शिट्टी आहे ना, ती माझ्या घरातली आहे," आजोबा म्हणाले. "माझ्या आवाजाने तुम्ही त्यांना मारताय. काढा ते जाळं. नाही काढत? मी काढतो."

कापड फाटावं तसं काहीतरी टरकलं. बांबू पडला. मग चंदन ओरडला, आणि नंतर बोलणं संपलं.

पहिला फटका ओल्या गादीवर काठी मारावी तसा वाजला. दुसऱ्याला आजोबांच्या तोंडून हवा बाहेर पडली. तिसरा हाडावर बसला. ते किंचाळले. संपदाने माणसाचा तसा आवाज याआधी कधीही ऐकला नव्हता. पडद्यावर लाल पट्टी उसळली, आणि तिच्या बोटाने चकती मागे फिरवली.

पुढची किंचाळी लहान ऐकू आली. मोजून, मापात, हिरव्यात.

मग तिला कळलं की आपण काय केलं. आजोबांना मारतायत आणि आपण त्यांची किंचाळी नीट उतरवून घेतोय. तिने बोट चकतीवरून भाजल्यासारखं झटकलं. उठून ओरडावं असं तिला वाटलं, पण आजोबांनी हलू नकोस म्हणून बजावलं होतं. कानांत बांबू पडतच होता. पाठीवर. पाठीवर. मग डोक्यावर, कारण तो आवाज वेगळा होता.

"मेला तर?" विकी धापा टाकत म्हणाला.

"मरेगा नहीं. फोन फेंक उसका. चल, ढकेल."

घसरल्याचा आवाज. चिखलात जड काहीतरी पडल्याचा थप्प. स्पीकर अजून चालूच होता. कुआक, कुआक, कुआक. शिट्टी.

"ए चंदन, हे काय आहे? मेलेलं मांजर?"

हेडफोनमध्ये मोठी घरघर झाली. कुणीतरी माइक हातात घेतला होता. विकीचा श्वास आता थेट संपदाच्या कानात येत होता.

"मांजर नाय रे," तोच म्हणाला, "माइक आहे. आणि वायर बघ. तिकडे जातेय."

"पकड के जा," चंदन म्हणाला.

केबल संपदाच्या मांडीपाशी हलली. ताठ झाली. एक हिसका बसला आणि रेकॉर्डर तिच्या मांडीवरून अर्धा घसरला. तेव्हा कुठे तिला सुचलं. तिने केबल उपटली, हेडफोन फेकला आणि रेकॉर्डर छातीशी धरून तिवराच्या मुळांत शिरली. उशीर झाला होता. विकी केबल गुंडाळत गुंडाळत आला, दगडाशी थांबला आणि खाली वाकला. जेमतेम विशीचा मुलगा. त्याच्या शर्टावर पिसं चिकटली होती.

"अरे, ही तर पोरगी आहे."

त्याने तिची वेणी धरून तिला बाहेर ओढली. ती त्याच्या मनगटाला कडकडून चावली. त्याने शिवी दिली आणि तिच्या तोंडावर अशी चपराक मारली की ती झाडावर आदळली आणि खालचा ओठ दाताने फाटला. रेकॉर्डर पडला. विकीने एक धोंडा उचलला आणि रेकॉर्डरवर घातला. पुन्हा घातला. कार्ड बाहेर आलं, ते त्याने चावून मोडलं आणि थुंकलं.

"कुणाला बोललीस ना, तर तुझीही मान तशीच. कळलं?"

संपदाच्या तोंडात रक्त होतं.

"विकी! पानी आ रहा है, चल!"

तो गेला. बांधावरून दोघांची पळती पावलं वाजली. चंदनच्या खांद्यावर गोणी होती आणि गोणीच्या कोपऱ्यातून रक्त ठिबकत होतं. लांब कुठेतरी मोटरसायकल सुरू झाली.

संपदा बांधाच्या टोकाशी धावली. फाटलेलं जाळं लोंबत होतं. बांधाच्या खाली, दहा-बारा फुटांवर, पाण्याच्या ओहळात आत्माआजोबा उभे होते. खरं तर उभे नव्हते, रुतलेले होते. मांड्यांपर्यंत चिखल, त्यावर पोटापर्यंत पाणी. डोकं फुटलं होतं. डावा हात कोपराखाली भलत्याच दिशेला वळला होता आणि उजव्या हाताने ते तो धरून होते.

"लागलं तुला? ओठाला काय झालं?"

"तुम्ही बाहेर या आधी."

"पाय निघत नाहीत. जितकी ओढ घ्यावी तितके आत जातायत." त्यांचे दात वाजत होते. "जा, जानूला आण. पळ."

ती दोन पावलं पळाली आणि थांबली. मागे वळून तिने त्यांच्या सदऱ्याकडे पाहिलं. पाणी खालून दुसऱ्या बटणाला लागलं होतं. तिने मनात साठ आकडे मोजले.

"अगं, उभी काय राहिलीस? जा म्हणतो ना!"

साठ झाले तेव्हा पाणी बटणाच्या एक बोट वर होतं.

आता तूही तुझ्या सदऱ्यावर मोजून बघ. खालून दुसऱ्या बटणापासून हनुवटीपर्यंत मोठ्या माणसाची वीस बोटं होतात, फार तर बावीस. एका मिनिटाला एक बोट. जानूंकडे पळत जायला दहा-बारा मिनिटं, त्या म्हाताऱ्या माणसाला घेऊन यायला वीस. संपदाने हा हिशोब रक्त गिळत केला, आणि तो जुळत नव्हता.

तिने चपला काढल्या.

"संपदा, नाही! तूही रुतशील!"

पहिलं पाऊल टाकताच ती गुडघ्यापर्यंत आत गेली. पाय कसाबसा सोडवून ती मागे पडली, पाठीवर. आणि पडल्यावर तिच्या लक्षात आलं, की पडल्यावर चिखल गिळत नाही. उभ्या माणसालाच तो गिळतो. ती उलटी झाली, पोटावर पसरली आणि कोपरांनी स्वतःला पुढे ओढायला लागली. चिखल नाकात गेला. फाटलेल्या ओठाला खारं पाणी लागलं तशी ती कळवळून ओरडली आणि पुढे सरकली. वाटेत एक मेलेली कुवाकोंबडी तरंगत आली, मान उलटी लोंबत होती. संपदाने ती हाताने बाजूला केली.

ती पोचली तेव्हा पाणी तिसऱ्या बटणावर होतं. आजोबा रडत होते.

"मीच पाठवला गं. ज्याला हवा त्याने घ्यावा म्हणालो. मीच."

"नंतर बोला. कुठला पाय सैल आहे?"

"काय?"

"पाय, आजोबा! कुठला हलतो?"

"उजवा. थोडासा."

तिने श्वास भरला आणि डोकं पाण्याखाली घातलं. काही दिसत नव्हतं. हातांनी तिने त्यांची मांडी चाचपली, मग मांडीच्या कडेने बोटं आत खुपसली आणि चिखल उपसायला लागली. एक मूठ. दुसरी. नखाखाली शिंपला गेला, नख उलटलं. ती वर आली, श्वास घेतला, पुन्हा खाली. जिथे चिखल निघे तिथे पाणी शिरत होतं, आणि पाणी शिरलं की पुढचा चिखल जरा सुटा होत होता. तिने ते ओळखलं आणि एकाच जागी, पायाला चिकटून, सरळ खाली खणत राहिली.

"गुडघा वाकवा!"

"तुटलेल्या हाताला कळ..."

"वाकवा!" ती त्यांच्यावर खेकसली. आयुष्यात ती त्यांच्यावर पहिल्यांदाच खेकसली होती.

त्यांनी वाकवला. संपदाने दोन्ही हात घोट्याखाली घातले, खांदा त्यांच्या मांडीला लावला आणि वर रेटलं. चिखलाने मोठा घोट गिळावा तसा आवाज केला आणि पाय सुटला, चप्पल आतच ठेवून. आजोबा मागे कलंडले. तिने त्यांना पाण्यावर उताणं पडू दिलं, सुटलेला पाय पसरायला लावला. आता ते बुडत नव्हते. पण अडकले होतेच, आणि पाणी त्यांच्या कानांपर्यंत आलं होतं.

"मान वर धरा," ती म्हणाली. "आभाळाकडे बघा."

तिने तोंडातलं रक्त थुंकलं, छाती भरून श्वास घेतला आणि दुसऱ्या पायासाठी पाण्याखाली गेली.